जुन्या पिकअपचा पेट्रोल काटा: टाकी फुल असली तरी पाऊण दाखवतो, अर्ध्याखाली एकदम शून्यावर

जुनं_इंजिन

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे. माझ्याकडे जुनी पेट्रोल पिकअप आहे, कार्ब्युरेटरवाली, टाकी मागच्या हौद्याखाली चॅसीला पट्ट्यांनी बांधलेली. इंजिन, गिअर, ब्रेक सगळं व्यवस्थित आहे पण पेट्रोलच्या काट्यावर आता काडीचा भरवसा राहिलेला नाही. टाकी तोंडापर्यंत भरली तरी काटा पाऊणच्या आसपास जाऊन थांबतो, वर जातच नाही. मग गाडी चालेल तसा हळूहळू उतरतो, तिथपर्यंत ठीक आहे, पण अर्ध्याच्या जरा खाली आला की धाडकन ई वर पडतो आणि टाकीत भरपूर पेट्रोल असताना तिथेच पडून राहतो, कधी खड्ड्यातून गाडी गेली की उठतो आणि थोड्या वेळाने परत झोपतो.

अजून एक गोष्ट लक्षात आली, हिचा संबंध आहे की नाही माहीत नाही पण सांगून ठेवतो. हेडलाइट लावले की काटा अजून थोडा खाली सरकतो आणि बंद केले की परत जागेवर येतो, हे मी गाडी उभी असताना मुद्दाम करून पाहिलं, त्यामुळे पेट्रोल हिंदकळतंय म्हणून होतं असं नाही. मागच्या दिव्यांपैकी एक जरा मंदच लागतो. टेम्परेचरचा काटा नेहमी जिथे असतो तिथेच असतो, त्याची काही तक्रार नाही. फ्यूज काढून पाहिला, चांगला आहे.

जो भेटतो तो म्हणतो टाकी उतरव आणि फ्लोट बदल, म्हणजे टाकीतला पेट्रोलवर तरंगणारा गोळा, त्याची दांडी आणि वरची डबी असा अख्खा भाग. टाकी उतरवणं म्हणजे मोठं काम, पट्ट्यांचे बोल्ट गंजलेत, एखादा तुटला तर अजून वाढलं. माझ्या गाडीचा असली फ्लोट मिळत नाहीये, युनिव्हर्सल म्हणून एक मिळतो तो बसेल म्हणतात. तर टाकीला हात लावण्याआधी नक्की दोष कुठे आहे ते कळण्याचा काही मार्ग आहे का? मल्टिमीटर आहे, साधं वायरिंगचं काम येतं.

तारजोड

दादा, टाकी अजिबात उतरवू नका, निदान अजून तरी नाही. या जुन्या सिस्टीममध्ये फार काही नसतंच हो, डॅशबोर्डमधला गेज, तिथून टाकीपर्यंत एक वायर, टाकीत फ्लोटच्या दांडीला जोडलेला कमीजास्त होणारा रझिस्टन्स, आणि तिथून अर्थ, म्हणजे चॅसीमधून बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंटची परतीची वाट. करंट गेजमधून वायरने टाकीत जातो, फ्लोटच्या रझिस्टन्समधून अर्थ होतो, आणि किती करंट गेला त्यावर काटा किती हलायचा ते ठरतं. म्हणजे दोष या चारांपैकीच कुठेतरी आहे, आणि त्याचे दोन भाग पाडायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे टाकीवरचा कनेक्टर. खालून हात घातला तर बहुतेक गाड्यांत तो हाताला लागतो.

आधी नाकाने खात्री करा की कुठे गळती नाहीये, पेट्रोलचा वास येत असेल तर हे काहीच करू नका, आधी गळती काढा. वास नसेल तर चावी बंद ठेवून फ्लोटची वायर टाकीवरून सोडवा आणि तिचं टोक कशालाही लागणार नाही असं मोकळं ठेवा. चावी ऑन करा, इंजिन चालू करायची गरज नाही. काटा कुठे जातो बघा. मग चावी बंद करून तेच टोक चॅसीच्या घासून चकचकीत केलेल्या जागेला जोडा, पण थेट नाही, मध्ये १० ओहमचा ५ वॅटचा रझिस्टर घालून. परत चावी ऑन. काटा एकदा एका टोकाला आणि एकदा दुसऱ्या टोकाला नीट गेला तर गेज आणि पूर्ण वायर चांगली आहे, डॅशबोर्ड खोलायचं काम वाचलं. दोष मग टाकीवर किंवा टाकीच्या अर्थमध्ये.

वायर मोकळी असताना काटा कुठल्या बाजूला गेला ते जरूर सांगा. त्यावरून तुमच्या गाडीला कुठला फ्लोट चालेल तेही कळेल.

पान्हा१२

वर तारजोड यांनी रझिस्टर घालायला सांगितलाय तो खरंच घाला, बरेच जण वायर सरळ चॅसीला टेकवतात आणि काटा फुलच्या पलीकडे जाऊन अडकेपर्यंत बघत बसतात. जुने गेज आतून दोन धातूंच्या पट्टीवर चालतात, पट्टीवर बारीक तारेचं वेटोळं असतं, करंट गेला की ते तापतं, पट्टी वाकते आणि काटा ढकलते. थेट शॉर्ट जास्त वेळ राहिला तर ते वेटोळं जळू शकतं. तसा गेज असेल तर काटा सावकाश चढेल, चावी फिरवल्याबरोबर उडी मारणार नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी अर्धा-एक मिनिट थांबा आणि मगच काय ते ठरवा. घाई केली तर चांगल्या गेजलाही खराब म्हणाल.

टेम्परेचरचा काटा बरोबर आहे हे तुम्ही सांगितलंत ते फार कामाचं आहे. बऱ्याच जुन्या गाड्यांत क्लस्टरच्या, म्हणजे डॅशबोर्डवरच्या काट्यांच्या पॅनेलच्या मागे एक छोटा व्होल्टेज रेग्युलेटर असतो, तो १२ व्होल्टची सप्लाय चालू-बंद चालू-बंद करून गेजना सरासरी ५ व्होल्टच्या आसपास देतो, आणि पेट्रोल आणि टेम्परेचर दोन्ही काटे त्याच्यावरच असतात. तो बिघडला तर दोन्ही काटे एकदम वर चढतात नाहीतर दोन्ही एकदम पडतात. त्याची बॉडी अर्थ झाली नाही तर तो तोडायचंच बंद करतो आणि गेजना पूर्ण १२ व्होल्ट जातात, तेव्हा दोन्ही काटे फुलच्याही वर दिसतात. तुमचा एकच काटा वेडावाकडा आहे म्हणजे रेग्युलेटरला हात लावू नका, तो चांगला आहे.

रात्रपाळी

मला या सगळ्यात हेडलाइटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तुम्ही ती शेवटी सांगितलीत. हेडलाइट लावले की मागचे दिवे पण लागतात. पिकअपमध्ये मागच्या दिव्यांचा अर्थ आणि टाकीचा अर्थ बऱ्याचदा एकाच बोल्टवर नाहीतर एकाच वायरवर आणलेला असतो. तो बोल्ट गंजला की दिव्यांचा करंट त्याच गंजातून जायला बघतो, त्या जागेवर व्होल्टेज उरतं, आणि फ्लोटचा अर्थ तेवढा वर उचलला जातो. गेजमधून जाणारा करंट कमी होतो आणि काटा सरकतो. तुमचा एक दिवा मंद आहे तो पण याच कारणाने असणार. फ्लोट खराब असल्याने हेडलाइट लावल्यावर काटा हलत नाही, हा अर्थचाच दोष आहे.

टाकी चॅसीला लोखंडी पट्ट्यांनी बांधलेली दिसते म्हणून लोक समजतात की अर्थ आपोआप झाला. होत नाही. पट्टी आणि टाकीच्या मध्ये रबर असतं, पेट्रोल भरायचा पाइप रबराचा, इंजिनकडे जाणारी लाइन पण रबराच्या तुकड्याने जोडलेली. टाकी जवळजवळ अधांतरी लटकलेली असते, तिला अर्थ देणारी एकच बारीक वायर असते आणि ती चाकांनी उडवलेल्या चिखलात आयुष्य काढते.

आता काटा कुठल्या बाजूला चुकतो त्यावरून पण खूप कळतं. गंजलेला जोड म्हणजे रझिस्टन्समध्ये भर. ज्या गाडीत टाकी भरल्यावर रझिस्टन्स कमी होतो त्या गाडीत ही भर पडली की काटा नेहमी कमी दाखवतो, फुल टाकीला पाऊण, तुमच्यासारखं. आणि ज्या गाडीत टाकी भरल्यावर रझिस्टन्स वाढतो तिथे उलटं होतं, काटा नेहमी जास्त दाखवतो, टाकी रिकामी झाली तरी थोडं शिल्लक आहे असं सांगत राहतो आणि माणूस भर रस्त्यात अडकतो. हा दुसरा प्रकार जास्त वाईट.

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळा पिन बॅटरीच्या निगेटिव्हला लांब वायरने जोडा, लाल पिन टाकीवर फ्लोटच्या बॉडीला रंग खरवडून लावा. फ्लोटची वायर जागेवर जोडलेली, चावी ऑन. अर्थ चांगला असेल तर मीटर ०.१ व्होल्टच्याही खाली राहतो. मग हेडलाइट लावा आणि बघा. रेग्युलेटरमुळे आकडा हलत राहील, घाबरू नका, हेडलाइट लावल्यावर तो किती उचलला जातो एवढंच बघायचं.

जुनं_इंजिन

मंडळी, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. टाकी तेव्हा भरलेलीच होती.

वायर सोडून मोकळी ठेवली तेव्हा काटा सावकाश ई वर गेला. १० ओहमचा रझिस्टर लावला तेव्हा सावकाश चढत बरोबर एफ च्या रेघेवर येऊन थांबला, इतका नीट एफ या गाडीत मी बऱ्याच काळाने पाहिला.

मग रात्रपाळी यांची टेस्ट. आकडा खरंच स्थिर राहत नव्हता पण शून्याजवळ तर अजिबात नव्हता, आणि हेडलाइट लावले की साधारण एक व्होल्टने वर जात होता. नंतर चावी बंद करून, फ्लोटची वायर सोडून मीटर ओहमवर घेतला. फ्लोटच्या टर्मिनलपासून टाकीवरच्या फ्लोटच्या बॉडीपर्यंत ११ ओहम. त्याच टर्मिनलपासून चॅसीपर्यंत १६ ते १७, वायर जरा हलवली की आकडा बदलतो.

मग अर्थची वायर कुठे जाते ते शोधत गेलो. मागच्या बंपरजवळ चॅसीच्या आतल्या बाजूला एक बोल्ट आहे, त्यावर तीन लग, म्हणजे वायरच्या टोकाच्या कड्या आहेत, वरून सगळं काळं आणि खालून हिरवी-पांढरी पूड. वायरचं इन्शुलेशन लगजवळ फुगलेलं होतं, नखाने दाबलं तर आत तांबं नाही, नुसता हिरवा भुगा.

म्हणजे अर्थ खराब आहे हे तर कळलं. पण अर्ध्याखाली काटा एकदम पडतो ते पण यानेच होतं का?

तारजोड

छान केलंत, आता चित्र स्पष्ट आहे. ११ ओहम हा फ्लोटचा स्वतःचा आकडा, भरलेल्या टाकीला अगदी योग्य. वरचे पाच-सहा ओहम अर्थच्या गंजातले. तेवढ्यानेच काटा पाऊणवर अडकत होता.

नुसता बोल्ट घासून तीच वायर परत लावू नका. तांब्याचा भुगा झालेली वायर आतपर्यंत खराब असते, चांगलं चमकणारं तांबं लागेपर्यंत मागे कापा आणि टाकीसाठी वेगळी नवीन वायर टाका, चॅसीवर वेगळ्या बोल्टला, दिव्यांच्या लगमध्ये परत भागीदारी नको. चॅसीचा रंग खरवडून लोखंड उघडं करा, लग बसवा, बोल्ट कसा आणि मग वरून ग्रीस लावा म्हणजे पाणी शिरणार नाही. ग्रीस आधी लावून लग बसवायचा नाही. दिव्यांच्या वायरला पण नवा लग लावा, तो मंद दिवा सुधारेल. चॅसी ते बॅटरी निगेटिव्ह हा मोठा अर्थ पण एकदा बघून घ्या.

पण अर्ध्याखाली पडण्याचं कारण वेगळं आहे. तुमच्या गाडीत वायर मोकळी म्हणजे काटा ई वर, हे तुम्हीच पाहिलंत. म्हणजे अर्ध्याखाली कुठेतरी फ्लोटच्या आतलं कनेक्शनच तुटतं आणि गेजला ते वायर मोकळी सोडल्यासारखंच वाटतं. खड्ड्यात परत उठतो कारण क्षणभर टेकतं. याची खात्री टाकी न उघडता करता येते, पेट्रोल खाली जाऊ द्या, काटा पडला की परत टर्मिनल ते फ्लोटची बॉडी असे ओहम मोजा. चांगल्या फ्लोटने वीस-तीसच्या पुढे काहीतरी ठोस आकडा दाखवला पाहिजे. मीटरने ओएल, म्हणजे कनेक्शनच नाही असं दाखवलं तर फ्लोटमधला ट्रॅक, म्हणजे टोक घासत फिरतं ती रझिस्टन्सची पट्टी गेलीये, त्याला मग पर्याय नाही, फ्लोट बाहेर काढावा लागेल.

पान्हा१२

फ्लोट काढायची वेळ आली तर टाकी उतरवण्याआधी हौद्याचा विचार करा. पिकअपचा हा मोठा फायदा आहे, हौदा चॅसीला मोजक्या बोल्टनी धरलेला असतो, ते सोडून, दिव्यांचा कप्लर आणि पेट्रोल भरायच्या पाइपाचे स्क्रू काढून चार जणांनी हौदा उचलून मागे सरकवला की टाकीचं अख्खं तोंड समोर उघडं. गंजक्या पट्ट्यांना हात लावायची गरज नाही आणि भरलेली टाकी जॅकवर तोलत गाडीखाली झोपायची पण गरज नाही. बोल्टना आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. हौदा एका बाजूने उचलून टेकू लावून काम करणारे पण आहेत पण टेकू पक्का नसेल तर ते करू नका, खाली डोकं असतं.

टाकी उघडताना बॅटरीचा निगेटिव्ह काढलेला पाहिजे, मोकळ्या हवेत काम करा, जवळ दिवा, बिडी, ग्राइंडर, हीटर काहीही नको. पेट्रोलपेक्षा त्याची वाफ धोकादायक, ती जड असते, जमिनीलगत लांबपर्यंत पसरते. फ्लोटचं झाकण धरून ठेवणारी लॉक रिंग फिरवायला लोखंडी छिन्नी-हातोडी वापरू नका, ठिणगी नको, पितळी छिन्नी किंवा जाड लाकडाचा तुकडा घ्या. उघडायच्या आधी टाकीच्या वरची माती ब्रशने पूर्ण झाडून टाका, नाहीतर सगळी आत जाईल आणि पुढे कार्ब्युरेटर साफ करत बसाल.

आणि तो युनिव्हर्सल फ्लोट ओहम मोजल्याशिवाय घेऊ नका, हे कळकळीने सांगतो. बाजारात जो युनिव्हर्सल म्हणून मिळतो तो बहुतेक २४० ते ३३ ओहमचा असतो, २४० रिकामी आणि ३३ भरलेली. तुमच्या गेजला १० ओहमवर फुल दिसतं, म्हणजे तो ७३ ते १० वाल्या जातीचा आहे, फोर्ड आणि क्रायस्लरच्या जुन्या गाड्यांत चालायचा तसा. त्याला ३३ ओहम दिले तर टाकी भरलेली असूनही काटा फुलच्या जवळपास जाणार नाही. जीएमच्या जुन्या गाड्यांचा तर ० ते ९० आणि उलटा, ० म्हणजे रिकामी, युरोपियन गेज बरेचसे १० ते १८० वाले आणि तेही उलटेच. उलट्या जातीचा फ्लोट मधे रझिस्टर घालून सुलटा होत नाही. नवा फ्लोट हातात घ्या, मीटर लावा, दांडी पूर्ण खाली आणि पूर्ण वर नेऊन दोन्ही आकडे बघा आणि मध्ये दांडी हळू फिरवताना आकडा कुठे उडी मारत नाही ना ते बघा. मगच घ्या.

जुनं_इंजिन

अपडेट देतो. अर्थची नवीन वायर टाकली, वेगळा बोल्ट, वेगळा लग. टाकी फुल केली, काटा एफ वर, आणि हेडलाइट लावले तरी जागचा हलत नाही. मागचा दिवा पण दुसऱ्याइतकाच उजेड द्यायला लागला.

पण अर्ध्याखाली काटा पडलाच. तेव्हा मोजलं, ओएल. मग हौदा सरकवून फ्लोट काढला. पितळी फ्लोट कानाजवळ हलवून पाहिला, आत पेट्रोलचा आवाज नाही, म्हणजे तो शाबूत आहे. दोष वरच्या डबीत निघाला. बारीक तारेचं वेटोळं आहे आणि त्यावरून एक पातळ टोक घासत फिरतं, अर्ध्याच्या खालच्या भागात तारेचे काही वेढे झिजून तुटलेत, टोक तिथे आलं की पुढे कनेक्शनच नाही. त्या टोकाची टेकणारी जागा पण काळी पडलीये.

७३ ते १० वाला दुसरा फ्लोट मिळाला, हातात घेऊन मोजला, ७२ आणि ११, मध्ये आकडा सरळ फिरतो. पण त्याची दांडी माझ्या जुन्या दांडीपेक्षा थोडी लांब आहे आणि वाक वेगळा आहे. वाकवून चालेल का? आणि जुनं रबर गॅस्केट परत वापरू का, दिसायला बरं आहे.

रात्रपाळी

दांडी वाकवलेली चालते पण डबीच्या जोडाजवळ धरून वाकवू नका, तिथे दुसऱ्या पक्कडीने घट्ट धरा आणि पुढच्या भागात वाक द्या, नाहीतर सगळा जोर पिव्हटवर येतो आणि नव्या फ्लोटचा ट्रॅक आजच बिघडतो. जुना फ्लोट शेजारी ठेवा, दोन्हींच्या झाकणाची पातळी एक करा आणि फ्लोटचं सगळ्यात खालचं आणि सगळ्यात वरचं ठिकाण जुन्याशी जुळवा. टाकीच्या तळाला किंवा छताला फ्लोट आपटता कामा नये आणि आतल्या पत्र्याला अडकता कामा नये.

दोन्ही टोकं एकाच वेळी अगदी बरोबर जुळली नाहीत तर खालचं टोक बरोबर करा. फुल टाकीला काटा एफ च्या जरा अलीकडे राहिला तर काही बिघडत नाही, पण ई दाखवताना आत थोडं पेट्रोल शिल्लक असलंच पाहिजे.

टाकीत बसवण्याआधी एकदा बाहेरच तपासा, पण टाकीपासून लांब. टाकीचं तोंड झाकून ठेवा, लांब वायरने फ्लोट गाडीच्या वायरिंगला जोडा, त्याच्या बॉडीला अर्थ द्या, मग बॅटरी जोडा, चावी ऑन करून दांडी खाली, मध्ये, वर नेत जा आणि प्रत्येक ठिकाणी काटा सावकाश स्थिरावू द्या. नंतर बॅटरी परत काढा आणि मग बसवा.

गॅस्केट नवीनच घाला. जुनं रबर बाहेर काढलं की थोड्या वेळात फुगतं किंवा आकसतं, परत खाचेत नीट बसत नाही, आणि टाकी भरल्यावर वरून पाझरतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला चालणारं घ्या. हौदा परत ठेवायच्या आधी टाकी पूर्ण भरून तोंडाभोवती कोरडं फडकं फिरवून बघा, तिथे ओल दिसली तर तेव्हाच लॉक रिंग परत बसवा, हौदा चढवल्यावर ते काम दुप्पट होतं. आणि हौदा वर नाहीये तोवर टाकीच्या वरचे बाकीचे रबरी पाइप पण हाताने दाबून बघा, कडक झालेले किंवा चिरा पडलेले दिसले तर लगेच बदला.